डावीकडचा गोल

फायनलच्या सकाळी दशरथ पेडणेकर आणि त्याची मुलगी दिशा समोरासमोर बसून चहा पीत होते, आणि दोघांच्या अंगावर दोन वेगळ्या क्लबांचे कपडे होते. त्याचा मरून शर्ट घाटकोपरच्या उदय स्पोर्टिंगचा, तिचं आकाशी जॅकेट अंधेरीच्या रेंजर्सचं. दुपारी चारला मुलुंडच्या मैदानावर हेच दोन क्लब उपनगर महिला चषकासाठी खेळणार होते. दिशा रेंजर्सची गोलकीपर होती.

"खारी घे अजून एक," दशरथ म्हणाला.

"नको. जड होतं."

"मग पाणी पी. ऊन बघ काय पडलंय."

"पप्पा, तुम्ही समोरच्या टीमच्या कीपरला सल्ला देताय."

"कीपरला नाय देत. पोरीला देतोय."

वनमाला पोह्यांची ताटली घेऊन बाहेर आली. "मी आधीच सांगून ठेवते," ती नवऱ्याला म्हणाली, "मी दिशाच्या बाजूला बसणार. तुमच्या त्या ताशेवाल्यांत नाही. माझं काही क्लबाशी लग्न झालेलं नाही."

"माझं झालंय," दशरथ म्हणाला.

"ते मला हळदीच्या दिवशीच कळलं. पिवळ्या अंगाने मॅच बघायला गेला होतात."

दिशा हसली. उठताना तिने एक हात टेबलावर दाबला आणि मग सरळ उभी राहिली. दशरथचं तिकडे लक्ष गेलं नाही. तो शर्टाची इस्त्री बघत होता.

उदय स्पोर्टिंग हा भटवाडीतला जुना क्लब. गिरणीत कामाला असलेल्या कोकणातल्या काही जणांनी काढलेला. दशरथचे वडील त्यातलेच. मैदान म्हणजे महापालिकेच्या मैदानाचा एक कोपरा, ऑफिस म्हणजे व्यायामशाळेच्या मागची पत्र्याची शेड. सगळं होतं, कप तेवढा नव्हता. पुरुषांची टीम दोनदा सेमीफायनलला पोचली आणि दोन्ही वेळा हरली. एकदा तर मिळालेल्या पेनल्टीला बॉल बाहेर मारून. दशरथ त्या प्रत्येक मॅचला होता. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तो सुपरवायझर. रविवारी सुट्टी मिळावी म्हणून लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही ड्युटी घेणारा माणूस.

त्याच्या बाजूला कायम रतन साळवे. रतनचे वडील जालन्याहून आलेले. तो स्वतः विक्रोळीच्या एका लॅबमध्ये होता. सकाळी घरोघरी जाऊन रक्त घ्यायचा आणि रविवारी मॅचला ताशा वाजवायचा. पेडणेकर चाळीत दुसऱ्या मजल्यावर, साळवे तळमजल्यावर. दोघांना मुली झाल्या त्या एका वर्षाच्या अंतराने. दिशा आणि रतनची शीतल खालच्या चौकात एकाच बॉलवर वाढल्या. शीतल मारायची, दिशा अडवायची. दिशाच्या मागे शेणव्यांच्या खिडकीची काच होती, त्यामुळे तिला अडवणं भागच होतं.

दिशा सतरा वर्षांची झाली तेव्हा उदयमध्ये मुलींची टीम नव्हती. दशरथने आणि रतनने मीटिंगमध्ये विषय काढला, पण मुलांनाच बूट पुरत नाहीत म्हणून तो मागे पडला. रेंजर्सने ट्रायल घेतली आणि दिशाला ठेवून घेतलं. पुढे काही वर्षांनी उदयने मुलींची टीम काढली. शीतल पहिल्या दिवशी हजर. दिशालाही बोलावणं आलं. "ज्यांनी मला जागा दिली त्यांना अशी कशी सोडू?" ती म्हणाली. दशरथला ते पटलं, आणि पटलं म्हणून जास्त लागलं.

पहिल्या वर्षी मुलींच्या मॅचला माणसं यायची नाहीत. दशरथ, रतन आणि क्लबातले सगळ्यात म्हातारे दादूकाका, एवढेच. दादूकाका घरून स्वतःची फोल्डिंगची खुर्ची आणायचे. मग पोरी जिंकायला लागल्या आणि बघता बघता शेडमधले सगळे जण "आपल्या मुली" म्हणायला लागले. आज मुलुंडला जायला क्लबाने दोन टेम्पो केले होते, तरी काही पोरं बाइकवरून आली.

मॅच सुरू झाली तेव्हा दशरथ मरून घोळक्याच्या मधोमध होता. समोरच्या बाजूला, तुरळक आकाशी माणसांत, वनमाला छत्री उघडून बसली होती. आणि उजवीकडच्या गोलमध्ये पिवळी जर्सी घालून दिशा उभी होती. दशरथने ठरवलं होतं की तिच्याकडे बघायचं नाही. बॉल बघायचा. पण बॉल सारखा तिच्याकडेच जात होता, कारण उदय चांगली खेळत होती.

पहिल्या अर्ध्या तासातच शीतल एकटी सुटली. समोर फक्त दिशा. शीतलने दिशाच्या उजव्या हाताला बॉल मारला, दिशा आडवी झाली आणि बोटांच्या टोकांनी तिने तो खांबाबाहेर ढकलला.

"वा," दशरथच्या तोंडून निघालं, आणि त्याने टाळ्याही वाजवल्या.

मागून कोणीतरी म्हणालं, "ओ पेडणेकर, कुठल्या बाजूने आहात?"

रतनने मान न वळवता उत्तर दिलं. "बापाच्या बाजूने आहे तो. मॅच बघ तू."

हाफटाइमनंतर मैदानाची बाजू बदलली, दिशा आता त्यांच्यापासून लांब गेली. थोड्याच वेळात शीतलला पुन्हा जागा मिळाली. या वेळी तिने जोरात मारला, पण परत उजवीकडेच. दिशाने दोन्ही मुठींनी बॉल उडवला.

"ही काय करतेय?" रतन ताशा बाजूला ठेवून म्हणाला. "डावा कोपरा सगळा रिकामा होता. आंधळ्याला दिसेल."

दशरथलाही ते दिसलं होतं. त्याला मनातून बरं वाटलं आणि बरं वाटल्याबद्दल लाजही वाटली. आपल्याला नेमकं काय हवंय हेच त्याला कळेना. कप हवा होता. दिशाने एकही गोल खाऊ नये असंही हवं होतं. हे दोन्ही होईल असा काही मार्ग आहे का, असा विचार करत तो नखं कुरतडत राहिला.

दहा-बारा मिनिटं उरली असतील. रेंजर्सचा कॉर्नर फसला, उदयच्या मुलींनी तीन पासमध्ये बॉल पुढे आणला आणि शीतल पळत सुटली. दिशा पुढे आली. शीतलने मान वर केली, क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि बॉल हळूच, जमिनीलगत, दिशाच्या डावीकडे सारला. फार जोर नव्हता त्यात. दिशा पडली, पण उशिरा पडली, जशी खुर्ची मोडल्यावर माणूस पडतो तशी.

दशरथ ओरडला. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले, पोटातून आलेला आवाज. "गोल" हा शब्द तो किती वेळ ओरडत होता त्याचं त्यालाच माहीत नाही. रतनने त्याला मिठी मारली, कोणीतरी पाठीवर चढलं. मग त्याने डोळे उघडले आणि रतनच्या खांद्यावरून त्याला पिवळी जर्सी दिसली. दिशा जमिनीवर बसली होती. बॉल तिच्या मागे जाळीत होता. ती या बाजूलाच बघत होती.

रतनलाही ते कळलं. त्याने मिठी सोडली. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले, आणि उरलेला सगळा वेळ रतनने ताशाला हात लावला नाही.

शिट्टी झाली. उदय स्पोर्टिंग जिंकली होती. लोक दोरी ओलांडून आत धावले. क्लबाच्या पुरुष टीमचा जुना कॅप्टन, पोट सुटलेला मोठा माणूस, गवतावर बसून हमसून रडत होता. दादूकाका मात्र आपल्या खुर्चीवरच होते. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते समोर बघत होते.

"काय काका, आनंद झाला ना?" कोणीतरी विचारलं.

"झाला ना," दादूकाका म्हणाले. "पण आता पुढल्या रविवारी आपण बोलायचं काय? इतकी वर्षं तो पेनल्टीचा विषय पुरवून पुरवून वापरला."

लोक हसले. दशरथ हसला नाही. तो दिशाला शोधत होता. ती मैदानाच्या कडेने चालली होती आणि तिचा डावा पाय नीट पडत नव्हता. शीतल तिच्या मागे धावत गेली. दिशाने हात पुढे केला, शीतलच्या हाताला लावला, आणि तिच्या तोंडाकडे न बघता निघून गेली. शीतल तिथेच उभी राहिली. स्टेजवरून तिचं नाव पुकारलं तेव्हा दुसऱ्या मुलींनी तिला ओढत नेलं. कप उचलतानाच्या फोटोत ती सगळ्यात मागे आहे.

दशरथ गेटपाशी पोचेपर्यंत वनमालाचा फोन आला. "आम्ही रिक्षात बसलो. तुम्ही या सावकाश. मिळालाय ना कप? मग मिरवा आता." तिच्या आवाजात राग होता की नाही हे त्याला ओळखता आलं नाही.

टेम्पोत लोकांनी त्याला हात देऊन वर घेतलं. बेंजो सुरू झाला. कप एकेकाच्या हातून फिरत फिरत त्याच्याकडे आला. त्याला वाटलं होतं तो जड असेल. तो हलका होता, आतून पोकळ, आणि उन्हाने तापलेला. तरी दशरथने तो दोन्ही हातांनी धरला. वडील आठवले. दर मोसमाच्या शेवटी घरी आल्यावर चपला काढता काढता "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचे. त्यांची वर्षं संपली, पण कप काही आला नाही. आज आला होता, आणि दशरथला खरोखर आनंद झाला होता. तो आनंद खोटा नव्हता. तेच तर त्याला सोसवत नव्हतं.

भांडुपच्या सिग्नलला टेम्पो थांबला तसा तो खाली उतरला.

"कुठे?" रतनने वरून विचारलं.

"घरी."

"थांब, मी पण येतो."

"तू नको. तुझ्या पोरीने गोल मारलाय. तू वर बस."

रतन खाली वाकला. बेंजोच्या आवाजात त्याला जवळ येऊन बोलावं लागलं. "दश्या, मला पण धड नाचता येत नाहीये रे. शीतल मघापासून एक शब्द बोललेली नाही. त्या टेम्पोत कोपऱ्यात बसलीय. काय झालंय विचारलं तर म्हणते काही नाही."

सिग्नल सुटला. दशरथने रिक्षा पकडली.

घरी दिशा पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. डावा पाय उशीवर, गुडघ्यावर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ. गुडघा पपनसाएवढा सुजला होता. वनमाला बाजूला बसून टॉवेल पिळत होती.

"काय झाला गो हा?" दशरथ घाबरला की त्याची भाषा गावची व्हायची.

"आजचं नाहीये," दिशा म्हणाली. "सेमीफायनलच्या आधी प्रॅक्टिसला पडले होते. आतून काहीतरी सटकलं. मग जरा बरं वाटायचं, परत दुखायचं."

"आणि कोचला?"

"नाही सांगितलं. सांगितलं असतं तर बाहेर बसवलं असतं."

"आम्हाला नाही, कोचला नाही. म्हणजे कोणालाच नाही?"

दिशा बर्फाकडे बघत राहिली. "शीतलला सांगितलं होतं."

दशरथ खुर्चीवर बसला होता, तो उठला. आता त्याच्या डोळ्यांसमोर तो गोल पुन्हा आला. वर झालेली मान, ते थांबणं, मग हळूच डावीकडे सारलेला बॉल.

"म्हणून तिने तिकडे मारला," तो म्हणाला. "तुला तिकडे झेप घेता येणार नाही हे माहीत होतं तिला. आता रतन आला की सांगतोच त्याला. असला कप नको आपल्याला."

"मग काय, परत देऊन येणार?" वनमाला म्हणाली. "रिक्षाने जाणार की टेम्पोने?"

"पप्पा, बसा," दिशा म्हणाली. "मला पण चीड आली. अजून येतेय. पण तिने काही कोणाचा खिसा नाही कापला. लंगड्या पायाने उभं राहायचं ते माझं मी ठरवलं. आमच्या दुसऱ्या कीपरचे दोन्ही गुडघे चांगले होते. तिला उभी केली असती तर कदाचित तो बॉल अडला असता. हे आता मला कोचला सांगायचंय, आणि त्याचंच जास्त टेन्शन आहे."

दशरथ बसला. खालच्या चौकात मुलं फटाक्यांची माळ पसरत होती, त्यांची भांडणं वर ऐकू येत होती.

"तुम्ही ओरडलात ते मी ऐकलं," दिशा म्हणाली.

त्याला तिच्याकडे बघवेना. "तोंडातून गेलं. मला कळलंच नाही."

"माहितेय. एवढ्या आवाजात तुमचाच आवाज ओळखू आला मला. लहानपणापासून ऐकतेय ना." तिने उशीवरचा पाय जरा सरकवला. "मी म्हटलं, आणला बाबा एकदाचा कप यांनी. आणि एकदम रडू आलं. ते हरल्याचं होतं की तुमच्यासाठी होतं, ते मला पण नाही कळलं."

दशरथने मान खाली घातली. वनमालाने पिळलेला टॉवेल त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "हा धरा गुडघ्यावर. मी चहा टाकते." तो टॉवेल धरून बसला.

साडेसातच्या सुमाराला मिरवणूक चाळीत शिरली. बेंजो चौकात आला, माळ लागली, गॅलऱ्या माणसांनी भरल्या. दशरथ मुद्दाम आतच बसून राहिला. तेवढ्यात दारात शीतल दिसली. गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला गुलाल, पायात मोजे तसेच; बूट खालीच काढून आलेली.

"काका, आत येऊ?"

एरवी न विचारता आत येऊन डबा उघडणारी पोर. दशरथने टॉवेल परत नीट धरला. "ये," वनमाला म्हणाली.

शीतल पलंगाजवळ खाली जमिनीवर बसली. गुडघा बघून तिचा चेहरा पडला. "एवढा सुजलाय?"

"तुला काय वाटलं?" दिशा म्हणाली.

"दिशा, मी ठरवलं होतं की डावीकडे मारायचा नाही. खरंच सांगते. काल रात्रीच ठरवलं होतं. म्हणून तर पहिले दोन उजवीकडे मारले."

दशरथला वाटलं, चला, निदान एवढं तरी. पण दिशाने पाठ सरळ केली. मघाशी गोलबद्दल बोलताना नव्हता असा राग आता तिच्या तोंडावर आला.

"म्हणजे ते दोन सेव्ह खोटे होते?"

"तसं नाही गं—"

"तसंच आहे. मी घरी येताना रिक्षात तेच आठवत होते. म्हटलं, हरलो तर हरलो, पण ते दोन काढले, ते झकास काढले. आणि तू मला ते दान दिलेस? तुझ्या टीमच्या पोरी जीव तोडून पळत होत्या आणि तू माझ्यावर दया करत होतीस?"

शीतलच्या डोळ्यांत पाणी आलं. "हो ना. तेच मला नंतर कळलं. दुसरा हुकला तेव्हा आमची स्वरा माझ्याकडे बघून म्हणाली, काही नाही, पुढचा जाईल. दोन्ही वेळा तिनेच मला बॉल आणून दिला होता. मला वाटलं, मी हिला फसवतेय. म्हणून तिसऱ्या वेळी... मला तुला पण फसवायचं नव्हतं, तिला पण नाही. दोन्हीकडून माझीच वाट लागली होती."

दिशा परत भिंतीला टेकली. दशरथने शीतलकडे नीट बघितलं. ही तीच पोर होती जी शेणव्यांची काच फुटल्यावर दोघींच्या वतीने एकटी मार खायला पुढे यायची. दुपारी मरून घोळक्यात दोन्हीकडे ओढला जाणारा आपण एकटेच आहोत असं त्याला वाटत होतं. मैदानात एक जणी त्याच्याहून जास्त ओढली जात होती, आणि तिला पळायचंही होतं.

"एक सांगू?" शीतल नाक पुसत म्हणाली. "पहिला मी जोर सोडून मारला होता, ते खरंय. पण दुसरा नाही. बाजू उजवी असली तरी मी तो पूर्ण जोरात मारला होता. मला वाटलं गेलाच. तू कसा काढलास, मला नाही कळलं."

"बाबासाहेबांची शप्पथ?"

"शप्पथ."

दिशाने आपल्या मुठीकडे बघितलं. "मुठीने उडवायला नको होता," ती म्हणाली. "नीट हातात यायला पाहिजे होता. मी उशिरा उडाले."

"उशिरा कसली. मी अख्खी चाळ उठवली असती त्या शॉटने."

"ऐक. पुढच्या वेळी अशी दया केलीस ना, तर तुझ्याशी बोलणार नाही. कळलं?"

"आणि तू परत पाय लपवून खेळलीस तर तुझ्या कोचला मी स्वतः फोन करणार. कळलं?"

वनमालाने दोघींना चहा दिला. शीतलने बशीत ओतून प्यायला, घरी पितात तसा.

"खाली येतेस?" तिने विचारलं. "कप बघायला."

"नाही," दिशा म्हणाली. "आज नाही. आज मला तो बघायचा नाही." मग बापाकडे वळून म्हणाली, "पण पप्पा, तुम्ही जा. तुम्ही इथे तोंड पाडून बसलात तर मला दोन दुःखं होतील. मला एकच पुरे आहे."

दशरथ जागचा हलेना. तेव्हा वनमाला म्हणाली, "जा हो. मी आहे इथे. आणि त्या बेंजोवाल्यांना सांगा, गाणं बदला, मघापासून तेच वाजवतायत."

तो खाली गेला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर रतन उभा होता, ताशा गळ्यात, हात मोकळे.

"शीतलने सांगितलं मला आत्ता, वर जाताना," रतन म्हणाला. "काय बोलू दश्या? माफी मागू?"

"कसली माफी? तुझ्या पोरीने गोल मारलाय. माझ्या पोरीने दोन अडवले. त्यातला एक तर पक्का खरा होता," दशरथ म्हणाला. "वाजव तो ताशा."

रतनने वाजवला. दशरथ नाचला, फार नाही, दोन-चार पावलं, साठीच्या माणसाला शोभतील तेवढी. त्याने वर बघितलं. दिशा लंगडत गॅलरीत येऊन कठड्याला टेकून उभी होती. ती हसत नव्हती, पण उभी होती.

मंगळवारी दिशाने कोचला सगळं सांगितलं. त्याने तिला अर्धा तास झापलं आणि शेवटी म्हणाला की तिची जागा आहे, पण डॉक्टरने सही केल्याशिवाय मैदानात पाय ठेवायचा नाही. तपासणीत लिगामेंट अर्धवट फाटलेलं निघालं. ऑपरेशन लागणार नव्हतं, पण सहा महिने खेळ बंद. फिजिओकडे न्यायला-आणायला शीतलने स्वतःची स्कूटर आणि ऑफिसचा लंच टाइम दिला. कधी कधी दोघी परत येताना भांडत यायच्या, त्यावरून सगळं ठीक आहे हे वनमालाला कळायचं.

दोन रविवारांनंतर एक वेगळीच गोष्ट झाली. दशरथ नेहमीसारखा सकाळी मैदानावर गेला तर उदयच्या शेडसमोर मुली उभ्या होत्या. आठ-दहा वर्षांच्या, कोणी शाळेच्या बुटांत, कोणी सॅंडलमध्ये, सोबत आया. भटवाडीतल्या, चिरागनगरच्या, दोघी तर विक्रोळीहून आलेल्या. मिरवणुकीत त्यांनी कप पाहिला होता. त्यांना खेळायचं होतं.

उदयचा कोच गोंधळला. एवढ्यांना शिकवणार कोण? त्यातल्या तिघी-चौघींना तर गोलकीपरच व्हायचं होतं, कारण बॉल हातात घ्यायला मिळतो.

"दिशाला विचारू?" शीतल म्हणाली. "ती सध्या घरी नुसती बसलीय."

कमिटीतला एक जण कुरकुरला. "रेंजर्सची पोर आपल्या मैदानावर शिकवणार? लोक हसतील."

दादूकाकांनी खुर्चीतून मान वळवली. "ती रेंजर्सकडे का गेली ते विसरलास? तेव्हा आपल्याकडे जागा नव्हती. आता आहे. आणि मला पुढल्या रविवारी बोलायला विषय पण पाहिजे."

दिशाने आधी नाही म्हटलं. मग म्हणाली, बघून येते. गुडघ्याला पट्टा बांधून, आकाशी जॅकेट घालून ती आली. जॅकेट काढ असं तिला कोणी म्हटलं नाही. म्हणायचं मनात असलेला माणूस दशरथ बाजूलाच उभा आहे हे बघून गप्प बसला. गोलपोस्टशेजारी तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची टाकली. समोर मुलींची वेडीवाकडी रांग.

"पहिली गोष्ट," दिशा म्हणाली, "पडायला घाबरायचं नाही. दुसरी गोष्ट, लागलं तर लगेच सांगायचं. मला, आईला, कोणालाही. न सांगता खेळणारी माझ्याकडे चालणार नाही."

मागे उभ्या असलेल्या शीतलने तोंडावर हात ठेवला.

"ताई, तू कुठल्या टीममध्ये?" रांगेतल्या एका बारक्या मुलीने जॅकेटकडे बोट दाखवून विचारलं.

"रेंजर्स."

"मग आम्हाला का शिकवतेस? आम्ही तर उदयच्या."

दिशाने विचार केला. "मी परत खेळायला लागले की आपली मॅच होईल ना. तेव्हा समोर चांगली कीपर असली तर मजा येते."

मुलीला ते पटलं की नाही, कळलं नाही. तिने दोन्ही हात पुढे केले. शीतलने बॉल हळू मारला, अगदी हळू. मुलगी त्याच्यावर धपकन पडली, बॉल पोटाखाली धरून तशीच राहिली आणि मग धुळीने भरलेलं तोंड वर करून दिशाकडे बघायला लागली.

"आता उठ," दिशा म्हणाली. "शीतल, जरा जोरात मार."

दशरथ गोलच्या मागे जाऊन उभा राहिला, सुटलेले बॉल परत द्यायला. तिथून त्याला दोघी दिसत होत्या.